वळणावरचा हॉर्न आणि डिकीतली स्टेपनी

सर, तुमचा प्रश्न वाचून आधी हसले आणि मग दोन दिवस तोच डोक्यात घोळत राहिला. नववीच्या चाचणीत तुम्ही ‘दूरदर्शी’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितलात. एका मुलानं लिहिलं, ‘माझे बाबा दूरदर्शी आहेत, ते घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवतात.’ तुम्ही शून्य दिलंत आणि समासात लाल शाईनं ‘सावध’ लिहिलंत. तर पोरगं उठून म्हणालं, “सर, वळणापलीकडचं दिसत नसताना बाबा त्याचा विचार करतात. मग दूरचं बघणं आणखी वेगळं काय असतं?” वर्गात तुम्हाला उत्तर सुचलं नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात की सावध असणं आणि आधीपासून तजवीज करणं यांत अर्थाचा नेमका फरक काय, आणि शब्दकोशात दोन्हीकडे ‘दूरदर्शी’ कसा सापडतो.

मी चिपळुणात तीस वर्षं मुद्रितं तपासते आणि भाषांतरं करते. पतसंस्थांचे अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, ग्रामपंचायतीच्या सूचना, लग्नपत्रिका, समोर येईल ते. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले मला आठवड्यातून एकदा तरी सापडतात, आणि मिसळणारी बरेचदा मीच असते.

आधी त्या मुलाच्या बाजूनं. त्याचं म्हणणं खरं आहे. सावध माणूसही पुढचंच बघतो. घसरेन, आपटेन, समोरून ट्रक येईल, हे सगळं अजून घडलेलं नसतं. म्हणजे ‘पुढचं बघणं’ ही खूण दोघांनाही लागू पडते आणि तिच्यावर फरक टांगता येत नाही. तुम्ही वर्गात अडलात ते इथेच. अंतरावर टांगायला गेलात, म्हणजे जवळचं बघतो तो सावध आणि लांबचं बघतो तो दूरदर्शी, तर दिवसाच्या हिशेबानं किती पुढचं म्हणजे लांबचं, हे पुढचं पोरगं विचारील.

मराठीत हा फरक नामांमध्ये शोधू नका. सावधगिरी, दक्षता, खबरदारी, काळजी, तरतूद, तजवीज, पूर्वतयारी ही सगळी मंडळी कोशात एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात. त्यांच्याबरोबर चालणारी क्रियापदं बघा. माणूस सावध ‘राहतो’. सावधगिरी ‘बाळगतो’. दक्षता ‘घेतो’. तरतूद मात्र ‘करतो’, आगोट, म्हणजे पावसाळ्याचा साठा, ‘भरतो’, तजवीज ‘करून ठेवतो’. शेवटचं ते ‘ठेवतो’ फार कामाचं आहे. ‘बघत राहा’, ‘जपत राहा’, ‘जागं राहा’ ही कामं चालू आहेत तोवरच आहेत. हात थांबला की काम संपलं. ‘भरून ठेव’, ‘बांधून ठेव’, ‘सांगून ठेव’, ‘लिहून ठेव’ यांत काम उरकून गेलेलं आहे आणि त्याचा उपयोग मागे शिल्लक आहे. ‘-त राहणे’ आणि ‘-ऊन ठेवणे’ ही दोन शेपटं मुलांना दाखवा. नववीतल्या मुलाला व्याख्येपेक्षा हे लवकर कळतं, कारण तो घरी दिवसभर हेच ऐकत असतो.

एक हुशार मुलगी विचारील, “मग ‘लक्ष ठेव’, ‘नजर ठेव’ यांचं काय?” तिथे ‘ठेवणे’ हे मूळ क्रियापद आहे, त्याच्या आधी ‘-ऊन’ नाही. ते सावधगिरीच्याच पारड्यात. आणि ‘जपणे’ तर दोन्हीकडे नांदतं. आई दारातून ओरडते ‘जपून जा’, आणि हातात पन्नासची नोट देताना म्हणते ‘जपून ठेव’. पहिल्यात पोरानं रस्ताभर जपायचं आहे, दुसऱ्यात नोट कंपासपेटीत सारली की झालं.

याहून सोपी कसोटी हवी असेल तर त्या माणसाला झोपवून बघा. तो झोपल्यावर जी उरत नाही ती सावधगिरी, आणि झोपल्यावरही जी जागेवर असते ती तजवीज. तुमच्या विद्यार्थ्याचे बाबा कुंभार्ली घाटात गाडी कडेला लावून डुलकी काढू लागले तर हॉर्न वाजत नाही. डिकीतली स्टेपनी मात्र डिकीतच असते.

ही कसोटी मला कुठल्या व्याकरणात सापडली नाही. २०२१च्या २१ जुलैच्या रात्री मिळाली. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, सहा पायऱ्यांच्या जोत्यावर. खाली पुढच्या खोलीत माझं कामाचं टेबल, दोन संगणक, कागदाची रिमं आणि कोशांचं कपाट. पाऊस संध्याकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हता. शिव नदीचं पाणी गल्लीत शिरल्याचं शेजारच्यांनी सांगितलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. मग मी टॉर्च घेऊन दारात बसले. दर अर्ध्या तासाला पायऱ्यांवर उजेड टाकायचा आणि मोजायचं. पहिली गेली. दुसरी गेली. आमचे हे म्हणाले, “दोन हजार पाचला चौथ्या पायरीवर थांबलं होतं.” त्या खुणेची रेघ भिंतीवर होती, तिच्याकडे मी विश्वासानं बघत होते. घरात बिलकूल तजवीज नव्हती असंही नाही. २००५च्या पुरानंतर ह्यांनी कागदाच्या रिमांसाठी जमिनीपासून दोन फूट उंच फळी मारून घेतली होती. त्या पुराच्या मापानं ती पुष्कळ होती.

त्या रात्री मी चिपळुणातली सगळ्यात सावध बाई असेन. डोळा लागू दिला नाही. सासूबाई आतून एकदा म्हणाल्या, “बघून पाणी थांबतं काय गो?” मी लक्ष दिलं नाही. पहाटे पाचवी पायरी गेली आणि त्यानंतर मोजायला वेळच मिळाला नाही. पाणी उंबऱ्यावरून आत आलं ते तासाभरात कमरेला लागलं. आम्ही माळ्यावर चढलो. कपाट आडवं झाल्याचा आवाज वरून ऐकला. नंतर हिशेब केला तेव्हा पोटात कालवलं: अकरा ते पाच या सहा तासांत माळ्यावर कोशांच्या वीस-पंचवीस खेपा सहज झाल्या असत्या. पण मी पाणी बघत होते. सावधगिरीत हे एक असतं, की ती माणसाला गुंतवून ठेवते. आपण काहीतरी करतो आहोत असं वाटत राहतं.

माळ्यावर सासूबाईंची आगोट होती. त्या गुहागरकडच्या. दोन हजार पाचनंतर त्यांनी पिंप खाली ठेवू दिलं नाही, आणि दर मे महिन्यात तांदूळ शिडीवरून वर चढवताना घरातल्या प्रत्येकानं त्यांना बोलून घेतलं होतं. तांदूळ, पोहे, गूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट, सोडे. दोन दिवस आम्ही आणि शेजारचे मिळून अकरा माणसं त्या माळ्यावर त्या पोह्यांवर राहिलो. कच्चे पोहे आणि गूळ. कारण सिलिंडर खाली पाण्यात तरंगत होता आणि काडेपेट्या सर्दावलेल्या. सुकट होती पण भाजणार कशावर? प्यायचं पाणी तर कुणीच भरून ठेवलं नव्हतं. चहूकडे पाणी आणि घोटभर प्यायला नाही. शेवटी शेजारच्या मुलानं एक कौल सरकवून पागोळीखाली कळशी धरली. तीस वर्षं शब्दांचं काम करणारीला ते सुचलं नव्हतं.

आता शब्दांकडे. ‘आगोट’ हा शब्द तुमच्या विद्यार्थ्यांना घरून माहीत असेल, पुस्तकातून नाही. पावसाळ्याचं तोंडही आगोट आणि त्या तोंडावर भरून ठेवायचा साठाही आगोट. वेळ आणि तजवीज यांना एकच नाव. तसाच ‘शाकारणी’. मृगाच्या आधी घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून परत बसवायची, पडवीला झापांचा आडोसा करायचा. आणि १ जूनला मासेमारी बंद झाली की हर्णैपासून मालवणपर्यंत होड्या वर ओढून त्याही शाकारायच्या. घराला आणि होडीला एकच क्रियापद. ही बंदी ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवसांची. त्या दिवसांचं कोळणींनी उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेलं असतं. ‘शाकारलं का?’ हा प्रश्न विचारणारा तुमची वृत्ती विचारत नाही. काम झालं का, ते विचारतो. उत्तर हो किंवा नाही. ‘सावध आहेस ना?’ या प्रश्नाला असं उत्तर देताच येत नाही, तिथे माणूस फक्त मान हलवतो.

‘सावध’ हा संस्कृत ‘सावधान’चा घरगुती अवतार. स आणि अवधान, म्हणजे लक्षासहित. मंगलाष्टकांत भटजी ‘सावधान’ म्हणतात ते ‘लक्ष द्या, मुहूर्ताची घटका आली’ एवढ्यासाठी. त्यात कुठलीही तरतूद नाही. समर्थांनी तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळ काढल्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे एकानं सावधानचा अर्थ ऐन वेळी फारच मनावर घेतला, एवढंच.

‘खबरदार’ मला आवडतो. फारसी घडणीचा शब्द, खबर आणि दार. खबर बाळगून असणारा. आज तो दटावण्यापुरता उरलाय, ‘खबरदार पुढे आलास तर’. पण ‘खबरदारी’त मूळ अर्थ जिवंत आहे, आणि सर, ही बरोबर सीमेवरची बाई आहे. ‘खबरदारीचा उपाय म्हणून बोटी बंदरात आणल्या’ या वाक्यात बातमी कळली आहे आणि त्या बातमीपुरतं काम केलं आहे. त्यामुळे वळणावरच्या हॉर्नला माझ्या मते सगळ्यात नेमका शब्द सावधगिरी नसून खबरदारी आहे. सावध माणूस नुसता डोळे उघडे ठेवील. खबरदार माणूस हॉर्न वाजवील.

हे सगळं ऐकून सावधगिरी म्हणजे कमअस्सल, असं मुलांना वाटू देऊ नका. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तुम्ही दापोलीत अंगावर घेतलं असेल. खबर दोन दिवस आधी आली होती. किनाऱ्यावरची माणसं हलवली, त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. ती सगळी खबरदारीची करामत. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, काही हलवता आल्या नाहीत. दोन दिवसांत जे हलतं ते खबरदारीनं वाचतं. जे वाढायला वर्षं लागतात त्याला दोन दिवसांची खबर काय करणार?

आता ‘बेगमी’. हा शब्द मी तुमच्या वर्गात स्वतः येऊन शिकवला असता. ‘पावसाची बेगमी’, ‘पोटाची बेगमी’ असं आपण म्हणतो आणि डोळ्यांपुढे धान्याची कणगी येते. पण शब्द मुळात कणगीचा नाही. बे म्हणजे विना, गम म्हणजे दुःख, चिंता. बेगमी म्हणजे चिंता नसणं, निश्चिंती. मग ज्यामुळे निश्चिंती येते त्या साठ्यालाच आपण बेगमी म्हणू लागलो. माझी झोपेची कसोटी या शब्दात कित्येक शतकांपासून पडून आहे आणि मला ती समजायला पूर लागला. त्याच्यासमोर ‘काळजी’ ठेवा. काळजी ‘करणं’ म्हणजे जीव जाळणं आणि काळजी ‘घेणं’ म्हणजे जपणं, पण दोन्हीत माणूस जागा आहे. बेगमी झाली की तो पाय पसरतो.

‘तरतूद’ हा हिशेबाच्या वहीतला भाऊ. अर्थसंकल्पात तरतूद, बुडीत कर्जासाठी तरतूद. पतसंस्थेच्या अहवालात ‘थकबाकीबाबत सावधगिरी बाळगली आहे’ असं वाक्य आलं की मी सचिवांना फोन करते: सावधगिरी बाळगली की तरतूद केली? पहिल्याला आकडा नसतो. दुसऱ्याला असायलाच हवा. एकदा एका संस्थेच्या सचिवांनी बराच वेळ गप्प राहून सांगितलं, “तेच राहू द्या, ताई.” मी काय ते ओळखलं.

‘तजवीज’ जरा सैल आहे, माणसाचीही करता येते. ‘त्याच्या जेवणाची तजवीज कर.’ आणि ‘पूर्वतयारी’ शाळेच्या परिपत्रकांनी इतकी वापरली आहे की तिच्यात जीव उरलेला नाही. ‘दक्षता’चंही तसंच.

नुसत्या शब्दांचा हा खेळ आहे असं कुणाला वाटेल, म्हणून हवामानाच्या इशाऱ्यांचं सांगते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तो स्थानिक सावधानतेचा इशारा. त्याचं काम तेवढंच, लक्ष वेधायचं. पण हवामान खात्याचे जे रंग आपण रोज ऐकतो त्यांत हा सगळा फरक रंगवून ठेवलेला आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे माहिती घेत राहा, लक्ष असू द्या. नारिंगी म्हणजे तयारी करा. लाल म्हणजे आता कृती करा. खात्याच्या इंग्रजी मांडणीत पिवळ्याला ‘वॉच’, नारिंगीला ‘अलर्ट’ आणि लालला ‘वॉर्निंग’ अशी वेगळी नावं आहेत. आपल्या बातम्यांत काय येतं? यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. तिन्ही अलर्ट, आणि तिन्हींच्या खाली ‘नागरिकांनी सतर्क राहावे’. पिवळ्याला सतर्क राहावं हे ठीक. नारिंगीला सतर्क राहून काय करायचं? मी केलं तेच, पायऱ्या मोजायच्या.

पुरानंतर काही महिन्यांनी एका संस्थेचं पूरपत्रक भाषांतराला आलं. इंग्रजी मथळा होता ‘बी प्रिपेअर्ड’. आधी असलं काम आलं की मी डोळे मिटून ‘सावध राहा’ लिहीत असे. या वेळी ‘तयार राहा’ लिहिलं, खोडलं, आणि ‘पुराची तयारी करून ठेवा’ लिहिलं. संस्थेचे लोक म्हणाले मथळा लांबला. लांबला खरा. पण ‘तयार राहा’ म्हटलं की माणूस मनानं तयार होतो आणि खुर्चीत बसतो. ‘करून ठेवा’ म्हटलं की तो विचारतो, काय करून ठेवू? मग खाली यादी वाचतो: प्यायचं पाणी, टॉर्च, प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टी आणि आधारकार्ड, सिलिंडर दोरीनं बांधलेला. सिलिंडरचं मी माझ्या पदरचं घातलं.

आता तुमच्या कोशाचा प्रश्न. तुम्ही इंग्रजी-मराठी कोशात ‘प्रूडंट’ आणि ‘प्रॉव्हिडंट’ बघितलंत आणि दोन्हीकडे ‘दूरदर्शी’ दिसलं. कोशकारानं चूक केलेली नाही. दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत, प्रो म्हणजे पुढे आणि विदेरे म्हणजे बघणे. प्रूडंट हे त्याच शब्दाचं वापरून झिजलेलं रूप. एकाच घरातले दोघे भाऊ पुढे वेगळे निघाले: प्रूडंट झाला विचारानं, जपून पाऊल टाकणारा, आणि प्रॉव्हिडंट झाला पुढच्यासाठी साठवणारा. कोशकारानं दोघांना मूळ घरचा पत्ता लावला. मराठीत प्रूडंटला बहुतेक ठिकाणी ‘सुज्ञ’ किंवा ‘विचारी’ चालतं. प्रॉव्हिडंटला स्वतंत्र विशेषण आपल्याकडे फारसं वापरात नाही. आपण ‘पुढची तरतूद करणारा’ म्हणतो. ‘ठेवणं’ हे काम आपण क्रियापदाकडे सोपवलंय, ते विशेषणात कशाला शोधायचं?

प्रॉव्हिडंट फंडाचं सरकारी मराठी बघा: भविष्य निर्वाह निधी. १९५२च्या कायद्यातला हा शब्द ज्यानं कुणी मराठीत बसवला त्यानं ‘बघणं’ सरळ वगळलं आणि ‘निर्वाह’ घातला, म्हणजे जगणं, पोट भरणं. मला हे भाषांतर उत्तम वाटतं, उच्चारायला जड असलं तरी. आपल्या गिरणीतल्या माणसांनी तेही नाव झटकून टाकलं आणि नुसतं ‘फंड’ केलं. आमचे चुलत सासरे परळच्या एका गिरणीत होते. ‘फंडातून घर बांधायचं’ हे वाक्य ते दर गणपतीत म्हणत. १९८२चा संप झाला, त्यानंतर पैसे हातात पडायला वर्षं गेली. चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. गावात त्या घराला अजून फंडाचं घर म्हणतात. सावध माणूस म्हणाल तर ते अजिबात नव्हते. मुंबईत दोनदा खिसा कापून घेतला, एकदा चालत्या ट्राममधून उतरताना पडले. दोन गुण एका माणसात असलेच पाहिजेत असं नाही, हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

‘दूरदर्शी’बद्दल माझी स्वतंत्र तक्रार आहे. हा शब्द फक्त डोळ्यांचा आहे, हातांचा नाही. दूरचं दिसूनही काही न करणारे आपल्या प्रत्येक गावात चार असतात. काही घडलं की पारावर ‘मी तेव्हाच बोललो होतो’ म्हणणारे. दूरदर्शी तेही. याहून काटेकोर शब्द संस्कृतात आहे, पंचतंत्रातल्या तीन माशांच्या गोष्टीत. तळ्यावर आलेले कोळी उद्या जाळं टाकायचं बोलतात. अनागतविधाता नावाचा मासा, म्हणजे जे अजून आलं नाही त्याची व्यवस्था लावणारा, त्याच रात्री तळं सोडतो. प्रत्युत्पन्नमती थांबतो, सापडतो, ऐन वेळी मेल्याचं सोंग घेऊन निसटतो. यद्भविष्य म्हणतो जे व्हायचं ते होईल, आणि मरतो. ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, पण तिच्यात सावध मासा नाही हे माझ्या अलीकडेच ध्यानात आलं. असता तर रात्रभर डोळे टक्क उघडे ठेवून जाळ्याची वाट बघत बसला असता. (आमच्या माळ्यावर प्रत्युत्पन्नमती होता, पागोळीखाली कळशी धरणारा. अनागतविधाता ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.)

एक उलट बाजू राहिली, ती सांगून टाकते, कारण तुमच्या वर्गात बोटवाल्यांची मुलं असणार. मच्छीमारांसाठीच्या एका पत्रकाचं मराठी बंदरावर वाचून दाखवायला गेले होते. पत्रकात जीवरक्षक जाकिटांबद्दल ओळ होती. तिथल्या एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारलं तर म्हणाला, “आहेत ना मॅडम, सगळ्यांची आहेत.” दाखवा म्हटलं. केबिनच्या मागे जाळ्यांचा ढीग होता, त्याच्याखाली बर्फाच्या पेट्या, त्यांच्याखाली गोणपाट, आणि गोणपाटाखाली नारिंगी जाकिटं. मूळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, वर किमतीची चिठ्ठी. एक खलाशी ती बाहेर काढायला लागला तेव्हा एका पिशवीतून उंदराचं घरटं निघालं. सगळे हसले, मीही हसले. तजवीज शंभर टक्के होती. तांडेल दर्यावर इतका सावध की ढगाच्या रंगावरून परत फिरणारा. पण त्याची सावधगिरी ढगांकडे लागलेली, जाकिटांकडे नाही.

अशा वेळी मला ‘बेगमी’शेजारी ‘बेफिकिरी’ दिसते. घडण तीच, बे आणि फिकीर, चिंता नसणं. एक शब्द कौतुकाचा झाला, दुसरा शिवीच्या जवळ गेला. पिंप भरून निश्चिंत झालेला बेगमीचा धनी, आणि पिंप न भरता निश्चिंत असलेला बेफिकीर. पिंप भरलं पण तीन पावसाळे उघडून बघितलं नाही, त्याला काय म्हणायचं याला मराठीत शब्द सापडलेला नाही. तुमच्या वर्गाला विचारा. मुलं देतील.

तर गुण. शून्य रद्द करा आणि अर्धा द्या, शाळेत अर्धा चालत असेल तर. समासातलं ‘सावध’ खोडून ‘खबरदार’ लिहिलंत तर अधिक बरोबर. आणि त्याला सांगा, बाबांच्या गाडीत अशी एखादी वस्तू शोध जी बाबा झोपले तरी काम करते. तो स्टेपनी म्हणेल, जॅक म्हणेल, विम्याचा कागद म्हणेल. मग त्यावर वाक्य कर म्हणावं. स्टेपनी म्हणाला, तर तिच्यात हवा शेवटची कधी भरली तेही घरी विचारून यायला सांगा.